तिसऱ्या तासाचा मासा

शाळेमागच्या टेकडीला वळसा घातला की तळं लागतं. बसने निघालं तर पोरांचं एक गाणं धड संपत नाही तोवर पाणी दिसू लागतं. तरी सहावीच्या निम्म्या मुलांनी ते पाहिलेलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी गाडीच्या काचेतून. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. कारण साधं होतं. मागे एकदा सहल नेली तेव्हा एक मुलगा एकाच बुटावर घरी परतला, आणि त्याच्या आईने मुख्याध्यापिकांच्या खोलीत असा काही दंगा केला की त्यांनी पाण्याजवळच्या सगळ्या सहली बंद करून टाकल्या. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि मोठ्या बाई एकदा नाही म्हणाल्या की विषय संपला.

मग विज्ञानाच्या बाईंनी तळंच वर्गात आणलं. तळ्याकाठी एक संशोधन केंद्र होतं आणि त्याची वेबसाइट म्हणजे खजिना होता. तळ कुठे किती खोल ते रंगांनी दाखवणारा नकाशा, पाण्याच्या रोजच्या तापमानाचा आलेख, कोण कोणाला खातं ते जुळवायचा खेळ. आणि सगळ्यात भारी म्हणजे पाण्याखालचा कॅमेरा. कोपऱ्यात लाल ठिपका आणि शेजारी अक्षरं, ‘थेट’. बाईंनी पहिल्याच दिवशी पडद्याकडे बोट दाखवून सांगितलं, “हे जे दिसतंय ना, ते आत्ता, या क्षणी घडतंय.” मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे येऊन बसली.

कॅमेऱ्यासमोर खडीत बशीएवढा खळगा होता. त्यात पिवळसर अंडी, आणि वर तळहाताएवढा एक काळपट मासा पहारा देत असायचा. तो परांनी अंड्यांना वारा घालायचा आणि कोणी जवळ आलं की अंगावर धावून जायचा. आई नव्हे, बाप आहे हे कळल्यावर मुली खूश झाल्या आणि मुलं उगीचच ताठ बसली. त्याचं नाव पडलं वॉचमन.

विज्ञानाचा तास रोज तिसरा. तास सुरू झाला की वॉचमन एक गिरकी घ्यायचा. मग एक पट्टेवाला मासा यायचा, वॉचमन त्याला हुसकायचा, तो पुन्हा यायचा, पुन्हा मार खायचा. घंटा व्हायच्या सुमारास कॅमेऱ्याच्या काचेवर एक गोगलगाय चढायची. रोज अगदी असंच. मुलांना यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्यांचा स्वतःचा दिवसही घंटेवरच चालायचा. त्यांनी रंगीत कागदावर ‘वॉचमनचं वेळापत्रक’ करून भिंतीला लावलं. मोठ्या बाईंनी ते वाचलं आणि प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेला सुनावलं, “बघा! मासेसुद्धा वेळ पाळतात!”

घरी बाईंच्या सासूबाईंनाही तेच वेड लागलं. दुपारी फोनवर तळं लावून बसायच्या आणि बाई दारात पाऊल टाकतात तोच विचारायच्या, “पिल्लं आली का गं? दुपारी जरा पेंगतो बिचारा. दमत असेल.”

बाईंचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. त्यांची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर होती. दर उन्हाळ्यात एकच धास्ती, की यंदा बोलावतील की नाही. या तळ्याच्या पाठाची कीर्ती वर पोचली होती आणि शिक्षण खात्याचे साहेब तो बघायला येणार होते. मोठ्या बाईंनी स्वच्छच सांगितलं होतं, “साहेबांना आवडलं तर तुमचं कायम व्हायचं काम मी स्वतः मार्गी लावते.”

सगळं असं गोडीगुलाबीत चाललं असताना एका मुलीने हात वर केला. तिला वर्गात चौकशी म्हणत. कारण ती दुसरं काही करतच नसे.

“बाई, अंडी फुटत का नाहीत?”

“फुटतील. वेळ लागतो.”

“किती?”

इथेच घोडं पेंड खात होतं. बाईंना ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून शोधलं. माशांच्या पैदाशीबद्दलच्या एका पानावर सापडलं, की कोमट पाण्यात अशी अंडी थोड्याच दिवसांत फुटतात. इथे तर आठवड्यामागून आठवडे गेले होते. एक जण म्हणाला, पाणी गार असेल. तापमानाचा आलेख काढला, तर पाणी चांगलं कोमट. दुसरी म्हणाली, मेली असतील. पुन्हा शोधलं. मेलेली अंडी पांढरी पडतात, त्यांवर कापसासारखी बुरशी येते. पडद्यावरची अंडी तशीच पिवळसर, टवटवीत.

“म्हणजे वाढत नाहीत आणि मरतही नाहीत,” चौकशी म्हणाली. “मग ती करतायत तरी काय?”

वर्ग हसला. ती हसली नाही. ती आधी खिडकीकडे आणि मग पडद्याकडे बघत होती. बाहेर सकाळपासून आभाळ काळंकुट्ट भरलेलं. पडद्यावर पाण्याच्या तळाशी उन्हाची जाळी लख्ख हलत होती.

“बाई, पाण्यात ऊन कुठून आलं?”

“टेकडीपलीकडे असेल पडलेलं,” बाई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना पटला नाही. “उद्या सांगते.” उत्तर येत नसलं की शिक्षक म्हणतात ते हे वाक्य.

मधल्या सुट्टीत त्यांनी केंद्रात फोन लावला. पलीकडचा माणूस मोठा अघळपघळ होता. “कॅमेरा? तो बंद पडून दोन वर्षं झाली की हो! पान रिकामं दिसायला नको म्हणून एका दिवसाचं रेकॉर्डिंग लावून ठेवलंय. सकाळी सुरू होतं, रात्री संपतं, दुसऱ्या दिवशी परत तेच. तो लाल ठिपका काढायचा राहिलाच बघा.”

“आणि अंड्यांचं काय झालं?”

“कुठली अंडी?” त्याने विचारलं.

साहेब दुसऱ्याच दिवशी यायचे होते. त्या तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. “उद्याचा दिवस जाऊ द्या. परवा सांगा मुलांना. मासा काही तक्रार घेऊन येणार नाही.” बाईंनी मान डोलावली. खोटं कशाला बोला, त्यांना हायसंच वाटलं.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फोन पालथा ठेवला. “म्हणजे मी दोन वर्षांपूर्वीच्या माशाची काळजी करत होते? आणि पोरांना सांगितलंस का?”

“परवा सांगणार आहे, आई.”

“परवा,” सासूबाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला लागल्या. टोमणा मारला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

साहेब आले. मागच्या बाकावर मोठ्या बाईंशेजारी बसले. पाठ असा रंगला की विचारू नका. पोरांनी खोलीचा नकाशा वाचला, पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्लवकापासून मोठ्या माशापर्यंत अन्नाचं जाळं जुळवलं. वॉचमनने वेळेवर गिरकी घेतली, पट्टेवाला वेळेवर आला. साहेब चक्क बाकाच्या कडेला सरकून बघत होते. बाईंना वाटलं, जमलं. झालोच आपण कायम.

तेवढ्यात चौकशीचा हात वर गेला. रात्री रडली असावी, असे डोळे होते तिचे.

“बाई, तुम्ही आज सांगणार होतात. आम्ही काही चुकीचं मोजलं का? मी घरी परत सगळं वाचलं. अंडी फुटायलाच हवी होती. मला काहीच कळत नाहीये.”

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. फुटतील हं, धीर धर. एवढं म्हटलं की ही पोर खाली बसेल. आपलंच डोकं चालत नाही असं समजेल, आणि हळूहळू विचारायचंच सोडून देईल. बाईंना ते एकदम लख्ख दिसलं आणि फार वाईट वाटलं.

“तुझं काही चुकलं नाही,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं. हे आत्ताचं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या एकाच दिवसाचं चित्र आहे, रोज तेच लागतं. अंड्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.”

मागून साहेबांनी विचारलं, “तुम्हाला हे कधी कळलं?”

“काल.”

“मग सुरुवातीलाच का नाही सांगितलंत?”

मोठ्या बाईंनी मान खाली घातली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंदेखील नाही. “मला कायम व्हायचं होतं, साहेब.”

साहेब काही बोलायच्या आत पोरांची तोंडं उघडली. मग आता तिथे कोण राहतं? वॉचमन जिवंत असेल? मासे किती वर्षं जगतात? नवीन अंडी असतील का? हात नव्हे, पोरंच उभी राहिली. चौकशी तेवढी बसून होती आणि भराभरा काहीतरी लिहीत होती. तिचं तोंड उजळलं होतं.

साहेबांनी सभ्यपणे चहा घेतला आणि ते गेले. पुढे कागद आला तो आणखी एका वर्षाच्या कराराचा. कायमचं नाव नव्हतं त्यात. बाईंना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

मोठ्या बाईही बरेच दिवस फटकून होत्या. मग एका सकाळी वर्गाच्या दारात येऊन म्हणाल्या, “शुक्रवारी बस सांगितली आहे. परवानगीवर सही माझी आहे. काही झालं तर मी बघून घेईन.” आणि बाई आभार मानणार तोच त्या वळून चालू लागल्या.

शुक्रवारी सगळा वर्ग तळ्यातल्या लाकडी धक्क्यावर पालथा पडला, नाकं पाण्याशी. पडद्यावर होतं तसं इथे काही नव्हतं. पाणी हिरवट, गढूळ. फळीखाली शेवाळ, त्यापुढे नुसता अंधार. कोणी हळूच शिंकलं आणि चारी बाजूंनी शू: झालं.

“बाई,” चौकशी मान न वळवता कुजबुजली, “काहीच दिसत नाहीये.”

बाईंनी पर्स बाजूला ठेवली, कपड्यांची पर्वा न करता त्या ओल्या फळीवर पोट टेकून आडव्या झाल्या आणि त्यांनी पाण्यात पाहिलं.

“मलाही नाही दिसत,” त्या म्हणाल्या. “सरक जरा.”