सरळ रस्त्यावरचा वाकडा मी

मी एका जुन्या गाडीचं स्टिअरिंग. जन्म साच्यातला, त्यामुळे लहानपण असं नाहीच. थेट नोकरीला लागलो. मालक सरळ माणूस. मलाही तशीच सवय लागली.

मालकांचं आणि त्यांच्या मेहुण्याचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. कारण दोघांनाही नीट आठवत नव्हतं, पण राग चोख सांभाळला होता. मेहुण्याने गॅरेज काढलं, तेव्हा मालकीणबाईंच्या डोळ्यांतलं पाणी पाहून मालक गाडी तिथे घेऊन गेले. चाकांचं अलाइनमेंट मेहुण्याने जातीनं केलं. चहा झाला. दोघं चक्क हसले.

परतताना पाहतो तर गाडी सरळ चाललेली आणि मी डावीकडे कललेला! चाकं जुळवताना मला सरळ धरून ठेवायचं राहून गेलं होतं.

मालकांनी ब्र काढला नाही. माझ्याशी जुळवून घेत तेही डावीकडे कलले. आठवड्याभरात त्यांची मान धरली.

"मानेला काय झालं हो?" बाईंनी विचारलं.

"उशी बदलली ना."

शेवटी त्यांना डॉक्टरांकडे न्यायला बाई स्वतः चालवायला बसल्या. मी वाकडा दिसताच त्यांनी मला सरळ केलं, आणि गाडी थेट समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिशेला! मालकांनी झडप घालून मला वळवलं. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. बाईंनी गाडी कडेला घेतली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग त्याला बोलला का नाहीत?"

"आत्ता कुठे बोलायला लागलोय आम्ही. त्यात लगेच तक्रार कशी करू?"

बाईंनी डॉक्टर सोडून गॅरेज गाठलं. मेहुणा मला बघून खाली बसला.

"दाजी, त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं होतं. फोन करायला धीर होईना. म्हटलं, तुम्ही पुन्हा संबंध तोडाल."

"अरे, तुम्ही दोघं एकमेकांना जपता जपता मला मारणार होतात!" बाई कडाडल्या.

मेहुण्याने मला पट्ट्याने घट्ट बांधलं, चाकं पुन्हा जुळवली. आता मी सरळ आहे. सुट्टीच्या दिवशी मेहुणा शेजारी बसतो आणि प्रत्येक वळणावर शिकवतो.

"दाजी, गिअर बदला!"

"गाडी माझी आहे!"

"अलाइनमेंट माझं आहे!"

बाई मागच्या सीटवर निवांत डोळे मिटून असतात. गाडीत पूर्वीची ती शांतता उरलेली नाही. कुणी कृपा करून ती परत आणू नका.