चार नंबरचा शिक्का

परत आलेल्या मालाची पेटी भाऊजींनी माझ्या टेबलावर आदळली आणि तिच्यावर एक टाइप केलेला कागद ठेवला.

“वहिनी, सही करा. दुपारच्या आत गिऱ्हाइकाला जायला हवं.”

मी कागद वाचला. साठ लिव्हरांपैकी बावीस लिव्हरांची भोकं मापाबाहेर गेली आणि आतून खरवडली गेली. कारण, कामगाराचा हलगर्जीपणा. जबाबदार कामगार क्रमांक चार. त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली दोन सह्यांच्या जागा होत्या, तपासणी आणि मालक. तपासणी म्हणजे मी. मालक म्हणजे माझे सासरे. त्यांचे गुडघे गेल्यापासून वर्कशॉप माझा दीर चालवतो. चालवतो म्हणजे नक्की काय करतो, हे विचारायची कुणाची छाती नाही.

“बघून सही करते,” मी म्हणाले.

“बघायचं काय त्यात? प्रत्येक जॉबवर चारचा शिक्का आहे. आंधळ्यालाही बोटाने कळेल.”

क्रमांक चार म्हणजे मायक्रॉन. हे नाव बाकीच्यांनी ठेवलेलं. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, आणि हा माणूस चहाच्या कपाची किनारसुद्धा बोट फिरवून पाहिल्याशिवाय ओठाला लावत नाही. एकोणीस वर्षं तो आमच्याकडे एकच काम करतो, भोकं मापात आणायचं. हे लिव्हर म्हणजे यंत्राचे दांडे, आमच्या भाषेत जॉब. ते आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना भोक असतं, भोकाच्या आत चावीसाठी, म्हणजे दांडा जागेवर धरणाऱ्या पाचरीसाठी, उभी खाचही असते. भोक मुद्दाम केसभर लहान ठेवलेलं असतं. त्यातून रिमर फिरवायचा, म्हणजे अंगाला सहा-आठ धारा असलेली सळई, आणि तेवढा केसभर धातू सोलून काढायचा. ऐकायला सोपं वाटतं.

मायक्रॉन कपड्यांच्या कप्प्यापाशी उभा राहून पिशवी भरत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

“काय झालं ते मला तरी सांगा,” मी म्हणाले.

“काय सांगायचं? अडतीस जॉब माझ्या पिळाच्या रिमरने केले. मग त्याची धार गेली. नवा मागितला तर तुमच्या दिरांनी सरळ धारांचा आणून हातात दिला. मी म्हटलं, आत खाच आहे साहेब, सरळ धार त्या खाचेत पडणार, हिसके देणार, भोक खाणार. पिळाच्या रिमरचं तसं नसतं. त्याची धार तिरकी, ती अख्खी खाचेत पडत नाही, भिंतीला धरून असते. तर म्हणाले, भोकाला काय कळतंय धार सरळ की वाकडी! मी म्हटलं, भोकाला कळतं, तुम्हालाच कळत नाही.” त्याने पिशवीची गाठ करकचून मारली. “मशीन बंद केलं आणि घरी गेलो. बावीस जॉब तसेच ठेवून. त्यापायी काढलं असेल.”

“मग त्यांच्यावर तुमचा शिक्का कसा?”

तो वळला. “कसला शिक्का?”

“चारचा. बावीसही जॉबांवर.”

त्याने पिशवी खाली ठेवली. मग इतक्या हळू बोलला, की मला पुढे व्हावं लागलं. “माझा शिक्का मशीनच्या खणात असतो. कुलूप नाही लावलं कधी. इथे चोऱ्या होतात असं वाटलं नव्हतं.”

आणि पिशवी उचलून तो निघून गेला.

आमच्याकडे सासऱ्यांनी घातलेली रीत आहे. जो भोक पुरं करतो त्याने आपल्या नंबरचा पोलादी शिक्का जॉबवर ठेवून हातोडीने ठोकायचा. शिक्क्याशिवाय माल दाराबाहेर जात नाही. मायक्रॉन तो नेहमी रिमर फिरवण्याआधी ठोकतो. या लिव्हरांची भोकाभोवतीची भिंत पातळ आहे. घाव बसला की आतला धातू किंचित भोकात सरकतो. ठोकाठोक आधी केली तर तो फुगवटा रिमर सोलून नेतो. ही गोष्ट कुठल्या कागदावर लिहिलेली नाही. माझ्याही लक्षात आली ती त्याला रोज पाहून.

मी माझ्या टेबलाशी परत आले, दार लावून घेतलं आणि भोकाचं माप घ्यायचा गेज काढला. पहिल्या जॉबमध्ये तो हळूहळू फिरवला. काटा सगळीकडे पंचवीस मायक्रॉन जास्त दाखवत होता. शिक्क्याच्या बरोबर मागे आला तेव्हा सातने मागे सरकला आणि पुढे गेल्यावर पुन्हा पंचवीसवर आला. दुसरा जॉब, तिसरा जॉब, तेच. कपाटातून मागच्या खेपेतला मायक्रॉनचा नमुना काढला. तिथे शिक्क्याच्या मागे काटा हललासुद्धा नाही.

बावीसच्या बावीस मोजले, सगळीकडे तेच. शेवटचे चार पुन्हा मोजले.

ऑफिसात बाबा, म्हणजे सासरे, खुर्चीत पाय लांब करून बसले होते. भाऊजी फोनवर हसत होते. मी पेटी टेबलावर ठेवली. आदळली म्हटलं तरी चालेल.

“भाऊजी, हे शिक्के कोणी ठोकले?”

त्यांनी फोन ठेवला. “चार दिसतोय ना?”

“दिसतोय. पण रिमरनंतर ठोकलाय. प्रत्येक भोक शिक्क्याच्या मागे आत आलंय. मायक्रॉन असं कधी करत नाही.”

“कधी नाही म्हणजे? तो काय देव आहे?”

“बावीस वेळा नाही करणार.”

बाबांनी चष्मा काढून भाऊजींकडे पाहिलं. “तू केलेस हे जॉब?”

“गाडी दारात उभी होती!” भाऊजी ओरडले. “तुमचा लाडका मशीन सोडून निघून गेला. मग कोणी करायचे? आणि शिक्क्याशिवाय माल हलत नाही हा नियम कोणाचा? तुमचा! माझा नंबर कुठाय? अकरा वर्षं झाली, मला नंबर दिलात?”

“हात बसल्याशिवाय मी नंबर देत नाही.”

“मग ज्याचा बसलाय त्याचा घेतला!”

करून सवरून हा माणूस नामानिराळा राहिला असता आणि एका नेक माणसाची भाकरी गेली असती. मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. तेवढ्यात भाऊजीच माझ्याकडे वळले.

“आणि वहिनी, तुम्ही कसल्या उड्या मारताय? हा माल बाहेर गेला कसा? तपासणीच्या रकान्यात सही कोणाची आहे?”

माझी होती.

बाकीच्यांचे जॉब मी एक न एक तपासते. चार नंबरचे दहात एक. त्या दिवशी साठासाठी सहा तपासले, सगळे पहिल्या पेटीतले, म्हणजे मायक्रॉनच्या अडतीसांतले. दुसरी पेटी आली तेव्हा गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी शिक्के पाहिले आणि सही केली.

“तुमचीच आहे ना?” भाऊजी म्हणाले.

बाबांनी हात वर केला. “पुरे. घरातली गोष्ट घरात राहू दे. मायक्रॉनला मी परत बोलावतो. त्याचा पगार, जागा, सगळं तसंच. कागदावर फक्त नंबर राहील. गिऱ्हाईक काय त्याचं तोंड बघायला येतंय? सूनबाई, सही कर आणि मिटव.”

म्हणजे सगळ्यांचं भलं. मायक्रॉनचं काम वाचणार, भाऊजींची अब्रू वाचणार आणि माझीही. मी कागद घेतला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

“अगं ए!” बाबा म्हणाले.

भाऊजींच्याच टाइपरायटरवर मी दुसरा कागद टाइप केला. रिमर चुकीचा निवडला, निवड वर्कशॉपप्रमुखाची. बावीस जॉब त्यांनीच केले. कामगार क्रमांक चारचा शिक्का त्याच्या नकळत वापरला. या जॉबांपैकी एकही तपासला नाही, तरी सर्वांसाठी सही केली; ही चूक तपासणीची. खाली माझं पूर्ण नाव आणि सही.

“या घरात राहायचंय ना तुम्हाला?” भाऊजी म्हणाले.

“तुम्हालाही राहायचंय,” मी म्हणाले.

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग धाकट्याकडे न बघता त्याला म्हणाले, “भोक बिघडवलंस, ते मी गिळलं असतं रे. दुसऱ्याचा शिक्का नाही.” आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रॉन आला. बाबांनी निरोप पाठवला होता. मी त्याच्या हातात कागदाची प्रत दिली. मनातल्या मनात मी आभाराची वाट पाहत होते, हे कबूल करते. तो ओळीखाली बोट धरून वाचत गेला आणि शेवटच्या ओळीपाशी थांबला.

“एकही तपासला नाही?”

“तुमचे मी दहात एक बघते. तुमचं कधी चुकत नाही म्हणून.”

“कोणी सांगितलं कधी चुकत नाही?” त्याचा आवाज चढला. पलीकडची दोन मशीनं थांबली. “ताई, मी रोज घरी जाऊन निवांत झोपतो ते कशाच्या जिवावर? माझ्यामागे एक शिकलेली बाई गेज घेऊन बसलीय, या भरवशावर! आणि तुम्ही नुसता शिक्का बघता?”

“माझा तुमच्यावर विश्वास होता.”

“विश्वास नका म्हणू. कंटाळा म्हणा.”

मला राग आला. कालचा सगळा दिवस, घरातलं अबोल जेवण, भाऊजींची नजर, सगळं आठवलं.

“माझे अडतीस गेले ना त्याच खेपेत?” तो म्हणाला. “त्यातले किती बघितलेत?”

“सहा. पण ते चांगले आहेत. गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही.”

“शेवटी शेवटी माझ्याही रिमरची धार जात आली होती. आठ-दहा जॉब मला हाताला जड लागले. म्हटलं, ताई बघतीलच.” त्याने कागद घडी न घालता माझ्या टेबलावर ठेवला. “उरलेले बत्तीस परत मागवा.”

“भाऊजी आणि बाबा काय म्हणतील...”

“ते तुम्ही बघा. ते जॉब मोजून होईपर्यंत मी मशीनला हात लावणार नाही.”

तो स्टूल ओढून माझ्या टेबलासमोर बसला. मी फोन उचलला.