मावशींचा घास

"आता गिळा," मॅडम म्हणाल्या.

मावशींनी मानेनेच नाही म्हटलं. तोंडातला बिस्किटाचा तुकडा कधीच विरघळून गेला होता, तरी त्या तो गालात धरून बसल्या होत्या.

"घाबरत घाबरतच गिळा. भीती गेल्यावर गिळीन म्हणाल, तर ती जायचीच नाही."

मावशींनी डोळे मिटले, खुर्चीचा हात घट्ट धरला आणि गिळलं. मग दम खात म्हणाल्या, "मेले असते म्हणजे?"

"माझा दवाखाना बंद पडला असता. घ्या, दुसरा तुकडा घ्या."

मावशी बस डेपोच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या. एवढ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना जेवू घालणाऱ्या बाईच्या पोटात वर्षभर धड अन्न गेलं नव्हतं. एका रविवारी घरी जेवताना नवऱ्याने शेजाऱ्याची नक्कल केली, त्या खळखळून हसल्या आणि बटाट्याची फोड घशात अडकली. श्वास कोंडला, डोळे पांढरे झाले. नवऱ्याने पाठीत दणके घातले तेव्हा कुठे फोड बाहेर पडली. त्या दिवसापासून घास तोंडाजवळ नेला की घसा आवळायचा. दूध आणि गाळलेलं सूप, एवढ्यावरच त्या जगत होत्या. कपडे अंगावर लोंबायला लागले. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. घशात काही नव्हतं. त्यांनीच मग या मॅडमकडे, मनाच्या उपचारांसाठी पाठवलं.

पुढच्या वेळी मॅडमनी नवऱ्यालाही बोलावलं. तो रंगारी. नखांतला रंग कधी न जाणारा. आला तो थेट मावशींच्या खुर्चीमागे पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहिला.

"घरीही असेच उभे राहता?"

"हो तर! हिचं होईपर्यंत मी जागचा हलत नाही. माझं काय, नंतर ओट्यापाशी उभ्या उभ्या उरकतो."

"काका, तुम्ही असे सज्ज उभे राहिलात की त्यांना वाटतं, आता काहीतरी होणार. ग्लास ठेवा, समोर बसा. जेवताना गप्पा मारा."

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. "माझ्या बडबडीनंच तर हिचा जीव जात होता. तेव्हाच ठरवलं, हिच्या जेवणात तोंड उघडायचं नाही."

मावशी गर्रकन वळल्या. "म्हणून गप्प होतात तुम्ही?"

"मग काय करणार?"

"बोलायचं की! मी आपली समजत होते, तुम्हाला माझा कंटाळा आला."

तो नखं खरवडत राहिला. मॅडमनी त्या दिवशी बिस्किटांचा पुडा उघडलाच नाही.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. दुधात बुडवलेल्या पावावरून कोऱ्या पावावर आल्या, तोच एकदा ठसका लागला आणि मावशी पुन्हा दुधावर गेल्या.

"ठसका लागल्यावर काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"खोकले."

"आणि?"

"आणि काय? काही नाही."

"बघा!" मॅडम म्हणाल्या, आणि पाव पुढे केला.

घरी रंगारी आता समोर बसायचा. आधी नुसतं भिंती, पुट्टी, ओल असलं अवघडून बोलायचा. एका संध्याकाळी मात्र कुठलाच रंग पसंत न पडणाऱ्या मालकिणीचा किस्सा सांगता सांगता त्याने तिच्यासारखं नाक मुरडलं. मावशींच्या तोंडात सफरचंदाची फोड होती. दोघंही थबकले. मावशींनी फोड सावकाश चावली, गिळली, आणि मग पोट धरून हसल्या.

दुसऱ्या दिवशी कँटीनची गर्दी ओसरल्यावर त्यांनी स्वतःसाठी ताट वाढून घेतलं आणि गेटवरच्या वॉचमनकाकांसमोर बसल्या. पहिला घास चावला आणि त्यांचा चेहरा बदलला. काकांचा हात ताटातच थांबला.

"अडकलं का?"

"नाही हो. वाटाणे कच्चे आहेत!"

काका खाली बघू लागले.

"आजच कच्चे राहिलेत ना?" मावशींनी विचारलं.

"आजच असं नाही, मावशी. वर्षभर जरा... कडकच असतात."

शिजलंय का ते चावून बघायचंही वर्षभर मावशींच्या जिवावर यायचं. नुसत्या अंदाजाने त्या गॅस बंद करायच्या. "मग कुणी बोललं कसं नाही? एरवी मीठ कमी पडलं तरी कँटीन डोक्यावर घेता!"

"काय बोलणार?" काका म्हणाले. "स्वतः उपाशी राहून बाई आमच्यासाठी रांधतेय. तिला वाटाण्यांचं सांगायचं?"

मावशी उठल्या. त्यांनी भाजीच्या पातेल्यात पाणी घातलं, गॅस पेटवला आणि परत काकांसमोर येऊन बसल्या. दोघं भाजी शिजायची वाट बघत राहिले.