चुड्यावरून बांधलेला पट्टा

मी एक जुना मनगटी पट्टा आहे. घड्याळाचा नव्हे, मित्रांनो. मला काटेबिटे काही नाहीत. माझ्या टोकाला लांब वायर आहे आणि ती अर्थिंगच्या तारेला जोडतात. आता माझं इलॅस्टिक सैल पडलंय, वायर तुटून जोडलेली आहे, बोलतानाही दम लागतो. तरी सांगतो.

शहाऐंशी साली मी मुंबईहून रत्नागिरीच्या एमआयडीसीत आलो. तिथल्या एका लहानशा कारखान्यात बायका सर्किट बोर्डांवर आयसी बसवत. आयसी म्हणजे मुंगळ्यासारखा काळा, पायवाला तुकडा. डोकं मोठं, पण जीव नाजूक. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसलीच वीज माणसाच्या अंगात साठते. आपल्या दमट हवेत ती टिकत नाही, पण त्या खोलीत एसी होता आणि बायकांच्या अंगावर नायलॉनच्या साड्या. बोटाला झिणझिणीसुद्धा येत नाही आणि बोटाखाली आयसी मरतो. ती वीज गुपचूप जमिनीत पोचवायची, एवढंच माझं काम. दिवसभर घामट मनगट आवळून बसायचं. कौतुक कोण करणार? जे बिघडलंच नाही, ते दिसतं कुणाला?

मग मी जनीच्या वाट्याला आलो. राजापूरकडची, नवी नवरी, दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरलेले. गिरणी बंद पडल्यामुळे नवरा घरी, चूल तिच्या पगारावर. ती मला रोज न चुकता बांधायची, पण चुड्यावरून. मी नुसता काचेवर लोंबकळायचो. कातडीला टेकलोच नाही, तर वीज घेणार कुठून?

तिचे बोर्ड एकामागून एक नापास होऊ लागले. सुपरवायझर श्रीपती साहेबांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली. शेजारच्या टेबलावरच्या यमुनाबाईंनी तिला देवाला नारळ द्यायला सांगितलं. तिने तोही दिला. शेवटी शनिवारी ती मला परत करायला काम शिकवणाऱ्या कुसुमताईंकडे गेली. ताई तिच्या हाताकडे बघतच राहिल्या. माझा वळ सगळ्यांच्या मनगटावर उठतो.

"तुझ्या हातावर वळ कसा नाय गो?"

"चुड्यावरून बांधते ना, ताई."

"मग तो बांधलाच नाहीस. चुडा उतरव."

"नोकरी गेली तरी चालेल. चुडा नाय उतरवायचा."

मागून यमुनाबाई म्हणाल्या, "हातात जागा नाय तर पायात बांध. पाय काय माहेरी ठेवून आलीस?"

सगळ्या हसल्या, जनीही रडता रडता हसली. ताईंनी मला तिच्या घोट्यावर आवळलं आणि मीटर लावून बघितलं. काटा हलला. त्यांनी साहेबांकडून आणखी एक आठवडा मागून घेतला. त्या आठवड्यात जनीचा एकही बोर्ड परत आला नाही. नोकरी राहिली.

पुढे माझ्या वायरीवरून खुर्च्या फिरल्या, मी धूळ खाल्ली, लाथा खाल्ल्या. आता खणात पडून आहे. मित्रांनो, राखणीला ज्याला ठेवाल, त्याला दाखवण्यापुरतं बांधू नका. नीट जवळ घ्या. काचेवर रिकामा लोंबकळून मी जेवढा दमलो, तेवढा घोट्यावर राबूनही दमलो नाही.