यंत्राची पाठ

शेषगिरीरावांच्या अंगाला घाम येईनासा झाला, तेव्हा वसुमतीबाईंना आधी त्यात काही वाईट वाटलंच नाही. उन्हाळ्यात घाम नाही, म्हणजे बरंच की! पण डॉक्टरांनी समजावलं. दुखण्यानं कातडी सुकली आहे, आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. खोली गार ठेवा, नाहीतर जिवावर बेतेल. मुंबईच्या मुलानं, हयवदननं, खटपटी करून खिडकीत बसवायचं गारव्याचं यंत्र पाठवलं. बसवनगुडीच्या त्या गल्लीत असलं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. बाईंनी पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले.

महिनाभर ते गुण्यागोविंदानं चाललं. उगादीचा पाडवा झाला आणि बिनसलं.

पंखा फिरे, वारा येई, पण वाऱ्यात गारवा नसे. सकाळी नऊच्या सुमारास हे सुरू होई, आणि अकरापर्यंत शेषगिरीरावांचा चेहरा तांब्यासारखा लाल. बाई ओल्या पंच्यानं त्यांचं अंग पुसत बसत. हात पुसण्यात, ओठ जपात.

यशवंतपूरच्या बर्फाच्या कारखान्यात नागोजी म्हणून एक मेकॅनिक होता. निरोप मिळताच तो कामावरून सुटून संध्याकाळी आला. यंत्र लावलं, तर काय! थंडगार वारा.

"अक्का, हे माझ्यासमोर शहाणं झालं की!"

"सकाळी या, म्हणजे त्याचे गुण दिसतील," शेषगिरीराव पलंगावरून म्हणाले. "सुनेसारखं आहे. पाहुणा आला की गोड."

"सुनेला कशाला मध्ये ओढता? तुमच्यासारखं म्हणा," बाई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नागोजी रजा टाकून दहाला हजर झाला. यंत्र रुसलेलंच होतं. त्यानं पुढची जाळी काढून झटकली, वायर तपासली, मग यंत्राला कान लावून कितीतरी वेळ उभा राहिला.

"आतलं घरघरतं, स्वल्प वेळानं गप्प बसतं. परत घरघरतं. दम लागल्यासारखं." तो कपाळ पुसत म्हणाला. "गॅस गळत असंल तर कारखान्यात नेऊन उघडावं लागंल. आठ दिवस धरा."

"राहीन गं मी आठ दिवस," शेषगिरीराव म्हणाले. बोलतानासुद्धा त्यांना धाप लागत होती. बाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला. चुलीवरच्या तव्याजवळ हात न्यावा तसं झालं. आठ दिवस! आठ तास निघायची मारामार.

"नागोजीअण्णा, आणखी काही बघता येईल का हो?"

"सरी, बघू की. मागची बाजू तेवढी राहिली. बाहेरून बघून येतो."

तो घर आणि कुंपणाच्या मधल्या बोळाकडे वळला मात्र, बाई दचकून उठल्या. त्या धावतच मागे गेल्या.

"थांबा, थांबा! शिवू नका! सोवळं वाळतंय तिथं!"

नागोजी जागच्या जागी थबकला. यंत्राच्या पाठीला अगदी लागून आडवी काठी होती, आणि तिच्यावर बाईंचं सोवळ्याचं नऊवारी लुगडं पदरापासून काठापर्यंत पसरलेलं होतं.

गोष्ट साधी होती. सकाळी नऊच्या आत पूजेचं लुगडं धुवून वाळत घालायचं, मग यजमानांचं सगळं करायचं, पुन्हा आंघोळ करायची आणि तेच वाळलेलं लुगडं नेसून पूजा. परसात ते वेळेवर वाळेना, शिवाय येणाजाणाऱ्याच्या शिवाशिवीचा घोर. इथं बोळात चिटपाखरू फिरकत नव्हतं आणि यंत्राच्या पाठीतून गरम वारा फुकट येत होता. तासाभरात लुगडं कडकडीत, आणि पूजेची वेळ होईपर्यंत ते तिथंच. देवानंच सोय केली, असं बाईंना वाटलं होतं.

नागोजीनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. "शिवत नाही, अक्का. पण हे इथं कधीपासून वाळवताय?"

"उगादीपासून."

"आणि यंत्र कधी बिनसलं?"

बाईंची नजर लुगड्यावरून यंत्राच्या पाठीकडे गेली.

"खोलीतली उष्णता हे पाठीतून बाहेर टाकतं," तो हळूच म्हणाला. "तिची वाटच बंद झाली, तर बिचारं आतल्या आत तापतं आणि जीव वाचवायला बंद पडतं."

बाईंनी घाईघाईनं काठीसकट लुगडं उचललं. नागोजी आत जाऊन यंत्र बंद करून आला, निवायला अर्धा तास दिला, मग परत लावलं. थोड्या वेळानं पलंगावरून आवाज आला, "अगं, आला! गार आला!"

नागोजी हत्यारं पिशवीत भरत कुजबुजला, "कुणी विचारलं, तर जाळीत धूळ होती म्हणतो."

"नको हो. एवढं सांभाळून घेतलंत, पुष्कळ झालं. मीच सांगते."

त्यांनी पलंगाशी बसून सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं. शेषगिरीराव ऐकून आधी हसले, मग त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. "माझ्यासाठी दोनदोनदा आंघोळ करतेस, ती चूक कुणाची म्हणायची?"

नागोजीला त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. खिरीची वाटी तिसऱ्यांदा भरली, तेव्हा तो म्हणाला, "अक्का, आता मीच बंद पडंन!"

दुसऱ्या दिवशी लुगडं परसातल्या उन्हात सावकाश वाळलं आणि पूजेला बारा वाजून गेले. बाईंनी देवापुढे हात जोडले. "उशीर झाला, पदरात घे. आणि त्या नागोजीला सुखी ठेव रे बाबा."

पलीकडच्या खोलीत शेषगिरीराव कितीतरी दिवसांनी भरदुपारी गाढ झोपले होते. वसुमतीबाईंनी घंटा उचलली, तिचा लोलक दोन बोटांत धरला आणि आरती नुसत्या ओठांनी म्हटली.