कपाटाच्या दारावरचे तास

अप्पांच्या बेकरीत पिठाला हात लावायचा मान एकट्या अप्पांचा. बाकीच्यांनी भट्टी बघावी, ट्रे घासावेत. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा कुठे पीठ धाकट्या लेकीकडे आलं, तेही आठवडाभर, परीक्षा म्हणून. जमलं तर बेकरी तिची, नाहीतर बाहेरचा कारागीर आणणार, असं अप्पांनी ठणकावून सांगितलं होतं.

आणि आठवड्यात तीनदा पीठ फुगून परातीबाहेर! आंबूस, ढिलं, भट्टीत घातलं की बसायचं. पीठ चार तास ठेवायचं हे आजोबांपासूनचं गणित. धाकटी घड्याळाला डोळे लावून बसायची, तरी घोटाळा व्हायचाच. अप्पांचा निकाल तयार होता: पोरीचा हातच गरम. बिचारी बर्फाच्या पाण्यात हात बुडवून मळायला लागली, तरी तेच.

हवाच तापत चालली असेल, सगळे म्हणतात तशी, असं तिने एकदा चाचरत सुचवलं. अप्पा खो खो हसले. गेल्या हिवाळ्यात त्यांना दोन-दोन स्वेटर घालावे लागले होते, मग कसली तापतेय डोंबलाची हवा? नाचता येईना तर असली निमित्तं सुचतात, असं पुटपुटत ते गल्ल्यावर जाऊन बसले.

शनिवारी, परीक्षेच्या शेवटच्या दिवशी, दुकानाचा वाढदिवसही होता. धाकटीने पीठ मळून ठेवलं आणि मैद्याची पोती सरकवून कपाट पुसायला घेतलं. दरवर्षी दुकानाच्या वाढदिवशी पीठ फुगायला किती वेळ लागला, ते या कपाटाच्या दारावर पेन्सिलीने लिहायची घरची रीत. वरच्या ओळी आजोबांच्या, खालच्या अप्पांच्या. लिहिलं सगळ्यांनी, वाचलं मात्र कुणीच नाही. ती वरून खाली वाचत गेली आणि फडकं हातातच राहिलं. चार तास. चार तास. पावणेचार. मध्येच एका वर्षी परत चार. मग साडेतीन. आणि गेल्या वर्षी, अप्पांच्याच अक्षरात, तीन तास वीस मिनिटं.

तिने अप्पांना हाताला धरून आणलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. यीस्ट तेच, मैदा तोच, खोलीही तीच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"तुला सांगितलं घड्याळ बघ," ते हळूच म्हणाले, "आणि मी स्वतः मात्र पिठाच्या वासावरून ते उचलत राहिलो."

"आणि ते दोन स्वेटर?" तिने चिडवलं.

"एका थंडीचं काय घेऊन बसलीस? इथे चाळीस वर्षं लिहिलीत." जसं काही ते पहिल्यापासून हेच सांगत होते!

त्या दिवशी तिने सव्वातीन तासांनी पीठ उचललं. पाव फुलले, तांबूस झाले. अप्पांनी एक तिथेच उभ्याने खाल्ला आणि कानावरची पेन्सिल तिच्यापुढे धरली. धाकटीला रडू आलं, तरी तिने वेळ नीट लिहिली.

अप्पांनी तिचे भेगाळलेले हात हातात घेतले.

"उगाच बर्फात घातलेस गं," ते म्हणाले. "हात चांगला आहे तुझा."