मानेपाशी

“अगं, केस वाळवतेयस की आग विझवतेयस?” आईने गोल ब्रशच्या दांड्याने माझ्या मनगटावर टकटक केलं. “वरून खाली. वारा कायम वरून खाली. उलटा मारलास तर बाईंच्या डोक्याची केरसुणी होईल.”

खुर्चीत बसलेल्या बाई आरशातून माझ्याकडे बघून हसल्या. त्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आठवीत त्यांनी मला गणित शिकवलं होतं, त्यामुळे त्यांच्यासमोर चुकायची मला चांगलीच सवय होती. मी निमूटपणे ड्रायरचं तोंड खाली वळवलं.

हे पार्लर आईचं, तीस वर्षांपासूनचं. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि भिंतभर आरसा. मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून. केसांशी माझा संबंध फक्त माझ्या डोक्यापुरता, आणि तोही आईच्या मते फारसा चांगला नाही. तरीही आज मी रजा टाकून ड्रायर हातात धरून उभी होते, कारण सात महिन्यांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला. जीभ तर पहिल्या दिवसापासून शाबूत होती, याची ग्वाही बाबा देतील. पण उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच. हात खांद्यापर्यंत उचलता येतो, पण बोटांना गरम-गार, ओलं-कोरडं काही म्हणजे काही कळत नाही.

पार्लर संपलं असं सगळे धरूनच चालले होते. बाबांनी खुर्च्यांना गिऱ्हाईकसुद्धा शोधलं. आईने माळ्यावरून सरावाचं प्लॅस्टिकचं डोकं काढायला लावलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि डाव्या हाताने ब्रश फिरवायला बसली. चार महिने ती प्लॅस्टिकची बाई आमच्या ताटात डोकावत होती. सुरुवातीला ब्रश केसांत अडकून बसायचा, आई त्याला आणि स्वतःला शिव्या घालायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. हळूहळू डावा हात तयार झाला. पण केस सेट करायचे म्हणजे दोन हातांचं काम. एका हातात ब्रश, दुसऱ्यात ड्रायर.

“दुसरा हात कुठून आणणार?” बाबांनी विचारलं.

“ही आहे ना,” आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. जशी काही मी इतके दिवस ड्रॉवरमध्येच पडून होते.

“एखादी शिकलेली मुलगी ठेव की,” मी म्हणाले.

“परकी पोरगी माझी कीव करत बसेल. तू करणार नाहीस.”

बाई आज निवृत्त होणार होत्या. पाचला समारंभ, स्टेजवर भाषण, फोटो. सतरा वर्षांत त्यांनी आईशिवाय कुणाला केसांना हात लावू दिला नव्हता, आणि हे सात महिने त्या घरीच अंबाडा घालत होत्या. आईने बाबांना सकाळीच सांगून ठेवलं होतं, “बाईंचं डोकं जमलं नाही, तर मीच शटर ओढीन. सोमवारी खुर्च्या न्या म्हणावं.”

“आता सांभाळ,” ती मला म्हणाली. “ब्रश पुढे, तू मागे. मी थांबले की थांबायचं.”

तिने बाईंचे केस चिमट्यांनी वर घेतले आणि मानेपासून सुरुवात केली. आधी मी धांदरटासारखी कुठेही गरम हवा सोडत होते. दोनदा बाईंचा कान भाजला. पण तिसऱ्या बटेनंतर काय झालं कोण जाणे, आमची लय लागली. ती ब्रश मुळाशी नेऊन अलगद फिरवायची, मी तिच्या मागोमाग उतरायची. टोकाशी ती क्षणभर थांबली की मी गार हवेचं बटण दाबायचं, आणि ब्रश निघाला की बट गुबगुबीत वळून खांद्यावर पडायची. बाईंचे केस अर्धे पांढरे, राठ, वाट्टेल तिकडे जाणारे. पण आईच्या डाव्या हातापुढे ते गुमान वळत होते. चार महिन्यांपूर्वी या हाताला ब्रशसुद्धा नीट धरता येत नव्हता. मला तिचा इतका अभिमान वाटला की माझं लक्षच उडालं.

“भाजतंय गं,” बाई म्हणाल्या.

शेवटची बट झाली. डाव्या हातात ब्रश होता, म्हणून आईने तीस वर्षांच्या सवयीने उजवा हात उचलला आणि बोटांची पाठ बाईंच्या मानेपाशी, केसांच्या खाली लावली.

“झालं. कोरडं ठणठणीत.”

बाहेर शाळेच्या गाडीने हॉर्न दिला. बाई आरशात इकडून तिकडून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा खुलला होता. आईचा तर त्यांच्याहून जास्त. सात महिन्यांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मी बाईंच्या गळ्याभोवतीचं कापड सोडायला गेले आणि माझी बोटं मानेला लागली. ओलं होतं. चांगलं गार, दमट. अगदी सुरुवातीचा भाग, मी घाई केली तोच. मुळाशी ओल राहिली की केस अर्ध्या तासात बसतात, हे ऐकत मी लहानाची मोठी झालेय. भाषणाला उभं राहीपर्यंत बाईंचं डोकं चपटं झालं असतं.

माझ्यापुढे सोपा मार्ग होता. “थांबा, जरा गार हवा देते,” म्हणायचं आणि गुपचूप वाळवून टाकायचं. आईला कळलंही नसतं. पण मग उद्या ती त्याच हाताने बघणार, परवाही त्याच हाताने.

“आई, ओलं आहे.”

“काय?”

“मानेपाशी. ओलं आहे.”

आईने ब्रश खाली ठेवला. डावा हात लावून पाहिला. मग उजव्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ. मला वाटलं, का बोलले मी?

“बाई, बसा,” ती म्हणाली. “चुकलं माझं.”

“अहो, राहू द्या. गाडी आलीय. मागून कोण बघतंय?”

“मी बघतेय.”

बाई मुकाट्याने बसल्या. पाचशे मुलांना गप्प करणारी बाई, पण आईपुढे काही चाललं नाही. आईने वरचे केस पुन्हा उचलून चिमटे लावले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी विंचरते. ओलं-कोरडं तू सांगायचं. आणि खरं सांगायचं.”

“अजून नाही,” मी दोनदा म्हणाले. हॉर्न वाजत राहिला. तिसऱ्यांदा म्हणाले, “झालं.” आईने मान हलवली आणि चिमटे सोडले.

दारात बाई वळल्या. “पुढच्या शनिवारी येते. आता काय, मला रोजच सुट्टी.”

“अकराला या,” आई म्हणाली. मग बाबांना फोन लावला आणि एवढंच बोलली, “त्या खुर्च्यांच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगा.”

फोन ठेवून ती स्वतःच खुर्चीत जाऊन बसली. आजारपणापासून तिने स्वतःच्या केसांना ड्रायर लावला नव्हता. आरशातही धड बघत नव्हती.

“माझे कर,” ती म्हणाली.

मी तिचे केस धुतले, ड्रायर आणि ब्रश दोन्ही हातांत घेतले. तिने सात वेळा टोकलं, त्यातल्या पाच वेळा बरोबर होतं. केस पातळ झाले होते, कानामागे अगदी विरळ. मी सावकाश, मानेपासून वर येत वाळवले. मग हाताची पाठ तिच्या मानेपाशी लावली.

“झालं,” मी म्हणाले.

तिने हात लावून पाहिलं नाही. उठली, टॉवेल घेतला आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी खुर्ची झटकायला लागली.